रंग मोजणारा मॅक्सवेल

मॅक्सवेल हे नाव काढलं की आपल्या कॉलेजात दोनच प्रकारची तोंडं दिसतात. इलेक्ट्रिकल आणि ईअँडटीसीवाल्यांच्या पोटात गोळा येतो आणि बाकीच्या ब्रँचचे लोक सुटलो बुवा म्हणून हसतात. ती चार समीकरणं, ते उलटे त्रिकोण, तो कर्ल आणि तो डायव्हर्जन्स! मीही त्या पोटात गोळा येणाऱ्यांतलाच. दुसऱ्या वर्षी समीकरणं पाठ केली, पेपरात उतरवली आणि हॉस्टेलवर परत येईपर्यंत विसरलो. या माणसाशी आपला पुन्हा संबंध येईल असे काही वाटले नव्हते. पण तो आला, आणि तोही आपल्या याच मासिकाच्या मुखपृष्ठामुळे.

झाले असे की, मागच्या अंकाच्या मुखपृष्ठाचे काम माझ्याकडे होते. गॅदरिंगच्या मिरवणुकीचा फोटो होता. ढोल, झेंडे आणि चाळीस-पन्नास भगवे फेटे. लॅबमधल्या एका मॉनिटरसमोर दोन रात्री बसून मी तो फोटो सुधारला. फेटे जरा थंड, निळसर वाटत होते, म्हणून लाल-पिवळा चढवत गेलो. स्क्रीनवर झकास दिसू लागले तेव्हा फाईल प्रेसला दिली. गठ्ठे आले, सुतळी सोडून बघतो तर काय, फेटे विटकरी! चेहरे तर उन्हात भाजल्यासारखे. मी तडक प्रेसवर गेलो आणि छपाई बिघडवली म्हणून प्रेसवाल्या काकांशी भांडलो. काकांनी शांतपणे माझीच फाईल त्यांच्या मॉनिटरवर उघडून दाखवली. तिथेही फेटे विटकरीच. फाईल एक, माझ्या मॉनिटरवर भगवी आणि त्यांच्या मॉनिटरवर विटकरी. खोटे कोण बोलत होते? कोणीच नाही. मग बरोबर कोण होते? याचे उत्तर शोधता शोधता मी दीडशे वर्षांहून मागे गेलो आणि तिथे हाच मॅक्सवेल भेटला. पण समीकरणवाला नव्हे, हातात रंगीत भोवरा घेतलेला!

जेम्स क्लार्क मॅक्सवेलचा जन्म १३ जून १८३१ रोजी स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात झाला. त्याचे लहानपण मात्र ग्लेनलेअर इथे, नैऋत्य स्कॉटलंडमधल्या वडिलांच्या शेतवाडीवर गेले. पोरगा भारी चौकस. घरातल्या घंटांच्या तारा भिंतीतून कुठून कुठे जातात याचा माग काढणे हा त्याचा आवडता उद्योग. दिसेल त्या वस्तूबद्दल ती चालते कशी असे तो विचारायचा, आणि मोघम उत्तराने त्याचे समाधान होत नसे. एकदा मोठ्यांनी सांगितले की हा दगड तांबडा आहे आणि तो निळा. यावर जेम्सने विचारले की तो निळा आहे हे कशावरून? आता यावर मोठी माणसे काय बोलणार! दिसतो म्हणून निळा, आणखी काय? मला वाटते, या एका प्रश्नाचे नीट उत्तर द्यायला त्याला पुढची निम्मीअधिक हयात लागली.

१८३९ मध्ये, जेम्स आठ वर्षांचा असताना, त्याची आई फ्रान्सिस पोटाच्या कर्करोगाने गेली. घरी शिकवायला ठेवलेला मास्तर कडक आणि मारकुटा निघाला. शेवटी १८४१ मध्ये त्याला एडिंबरा अकॅडमी या शाळेत घातले. खेड्यातून आलेला मुलगा, गावंढळ उच्चार, घरी बेतलेला अंगरखा आणि चौकोनी टोकाचे बूट. पहिल्याच दिवशी पोरांनी त्याला इतके पिडले की घरी येईपर्यंत कपड्यांच्या चिंध्या झाल्या होत्या. वेडपट अशा अर्थाचे टोपणनाव पडले ते शाळा संपेपर्यंत चिकटून राहिले. आपल्याकडे फर्स्ट इयरला गावाकडून आलेल्या पोरांचे जे होते तेच, फक्त देश वेगळा. पण याच वेडपट पोराने चौदाव्या वर्षी अंडाकृती वक्र काढण्याच्या पद्धतीवर एक निबंध लिहिला. १८४६ मध्ये तो एडिंबराच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. मुलगा फार लहान म्हणून त्याच्या वतीने वाचला प्रोफेसर जेम्स फोर्ब्स यांनी.

हे फोर्ब्स सर आपल्या गोष्टीत महत्त्वाचे आहेत. जेम्स १८४७ मध्ये एडिंबरा विद्यापीठात दाखल झाला आणि १८४९ च्या सुमारास फोर्ब्स यांच्या प्रयोगशाळेत त्याने रंगांचे प्रयोग पाहिले. गोल तबकडीवर वेगवेगळ्या रंगांचे तुकडे लावायचे आणि ती जोरात फिरवायची. डोळ्याला एकेक रंग सुटा दिसत नाही, सगळ्यांचे मिश्रण दिसते. सगळ्या चित्रकारांना तेव्हा पक्के ठाऊक होते की मूळ रंग तीन, तांबडा, पिवळा आणि निळा, आणि निळ्यात पिवळा घातला की हिरवा होतो. तबकडीवर मात्र निळा आणि पिवळा फिरवला तर हिरवा येईना! येई तो एक गुलाबीसर राखाडी रंग.

मित्रांनो, मॉनिटर आणि प्रिंटरमधले सगळे भांडण इथेच दडलेले आहे. डबीतला रंग उजेड खातो. निळा रंग उजेडातला तांबडा भाग खातो, पिवळा रंग निळा भाग खातो, आणि दोघांच्या तावडीतून सुटून उरतो तो हिरवा. म्हणजे रंगद्रव्यांत वजाबाकी होते. फिरत्या तबकडीवर मात्र दोन्हींकडून आलेला उजेड डोळ्यात एकत्र होतो, म्हणजे तिथे बेरीज होते. मॉनिटर बेरीज करतो, तांबडा, हिरवा आणि निळा उजेड मिळवून. प्रिंटर वजाबाकी करतो, कोऱ्या कागदाच्या पांढऱ्यातून शाईने थोडे थोडे खाऊन. बेरीज करणाऱ्याची आणि वजाबाकी करणाऱ्याची उत्तरे आपोआप जुळतील ही अपेक्षाच चुकीची. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने हा फरक १८५२ मध्ये स्पष्ट मांडला. मॅक्सवेलही त्याच वाटेवर होता.

१८५० मध्ये मॅक्सवेल केंब्रिजला गेला. १८५४ च्या गणिताच्या अवघड परीक्षेत त्याचा दुसरा नंबर आला. (होय, दुसरा! निकालाच्या दिवशी ज्यांना वाईट वाटते त्यांनी हे लिहून ठेवावे.) परीक्षेचा जाच संपल्याबरोबर त्याने पुन्हा रंग हातात घेतले आणि एक भोवरा बनवला. कागदाच्या रंगीत चकत्यांना केंद्रापासून कडेपर्यंत एक चीर दिली की त्या एकमेकींत अडकवता येतात, आणि सरकवून कोणत्या रंगाचा किती भाग दिसावा हे हवे तसे ठरवता येते. कडेला शंभर खुणांची पट्टी. बाहेरच्या बाजूला तीन रंगांच्या मोठ्या चकत्या आणि आत, मध्यभागी, काळ्या-पांढऱ्याच्या लहान चकत्या. भोवरा फिरवायचा आणि बाहेरचे कडे आतल्या वर्तुळासारखेच दिसेपर्यंत भाग कमीजास्त करत राहायचे.

१८५५ च्या त्याच्या निबंधात एक नोंद आहे. ३७ भाग शेंदरी-तांबडा, २७ भाग गडद निळा आणि ३६ भाग पाचूसारखा हिरवा फिरवला, तर तो २८ भाग पांढरा आणि ७२ भाग काळा यांच्या मिश्रणाइतका, म्हणजे तंतोतंत राखाडी दिसतो. दोन्ही बाजू मिळवून बघा, शंभर-शंभर. हे वाचताना मी थबकलोच. रंगाचे समीकरण! रंग या गोष्टीला तोवर कवी होते, चित्रकार होते, रंगारी होते. डाव्या बाजूला उजवी बाजू लावून ताळा करणारा हिशेबनीस आता मिळाला.

यातली खरी अक्कल कुठे आहे ते सांगतो. माणसाचा डोळा रंगाचे नाव सांगण्यात कच्चा असतो. एकाचा शेंदरी तो दुसऱ्याचा नारिंगी. पण दोन रंग शेजारी ठेवले आणि हे सारखे आहेत का एवढेच विचारले, तर तोच डोळा कमालीचा पक्का ठरतो. मॅक्सवेलने डोळ्याला पहिला प्रश्न विचारलाच नाही, फक्त दुसरा विचारला. आपण व्हीटस्टन ब्रिजवर काय करतो? गॅल्व्हानोमीटरला किती करंट आहे ते विचारत नाही, काटा शून्यावर आला का एवढेच बघतो. मॅक्सवेलने डोळ्याचा असा गॅल्व्हानोमीटर केला. शिवाय त्याने हेही नोंदवले की दिवसाच्या उजेडात जुळलेले समीकरण गॅसच्या दिव्याखाली जुळत नाही, भाग बदलावे लागतात. कुठल्या उजेडात पाहिले हे सांगितल्याशिवाय रंगाबद्दल बोलण्यात अर्थ नाही, ही गोष्ट तेव्हापासून कागदावर आहे. मी मात्र लॅबच्या ट्यूबलाईटखाली फोटो सुधारत होतो आणि प्रेसच्या दारात, भर उन्हात, तो तपासत होतो!

त्याच निबंधात रंगांधळेपणाचा भाग आहे आणि तो मी दोनदा वाचला, कारण माझा रूममेट रंगांधळा आहे. तपकिरी, तांबडा आणि हिरवा यांत त्याची गल्लत होते. रेझिस्टरवरचे पट्टे त्याला वाचता येत नाहीत, म्हणून तो प्रत्येक रेझिस्टर मल्टिमीटरला लावूनच सर्किटमध्ये घालतो. प्रॅक्टिकलला आम्ही त्याला यावरून पुष्कळ हसलो आहोत. मॅक्सवेलने अशा माणसांना हसण्याऐवजी भोवऱ्यासमोर बसवले. आपल्यासारख्यांना कुठलाही रंग जुळवायला तीन मूळ रंग लागतात, त्यांचे काम दोनांवर भागते. म्हणजे त्यांचा डोळा चुकत नाही, त्याच्या हिशेबात एक संख्या कमी असते इतकेच. इंग्रज डॉक्टर थॉमस यंग यांनी शतकाच्या सुरुवातीलाच असा अंदाज केला होता की डोळ्यात तीन प्रकारच्या संवेदना असाव्यात. मॅक्सवेलच्या आकड्यांनी त्याला बळ दिले. त्या काळात एडिंबराचे जॉर्ज विल्सन रेल्वेच्या तांबड्या-हिरव्या सिग्नलमुळे रंगांधळ्या माणसाच्या हातून अपघात होऊ शकतो असे बजावत होते. मॅक्सवेलने तर एक काच तांबडी आणि एक हिरवी असा चष्माच करून पाहिला. दोन डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडातल्या फरकावरून अशा माणसाला रंग ओळखता यावा ही कल्पना!

१८५६ मध्ये वडील वारले. आईमागे वडील हेच त्याचे सर्वात जवळचे माणूस होते. त्यांच्याजवळ राहता यावे म्हणून त्याने स्कॉटलंडमधल्या अबर्डीनच्या मॅरिशल कॉलेजात अर्ज केला होता. नेमणूक झाली, पण ती पाहायला वडील नव्हते. अबर्डीनला त्याने शनीच्या कड्यांचे कोडे सोडवले आणि १८५८ मध्ये कॉलेजच्या प्राचार्यांची मुलगी कॅथरिन हिच्याशी लग्न केले. १८६० मध्ये तिथली दोन कॉलेजे एक झाली आणि दोघांपैकी एकच प्राध्यापक ठेवायचा असे ठरले. गेला तो मॅक्सवेल! सासरे प्राचार्य असूनही नोकरी गेली. त्याच वर्षी देवीच्या आजाराने तो मरता मरता वाचला. कॅथरिनने रात्रंदिवस शुश्रूषा केली म्हणून वाचला.

याच काळात त्याने भोवऱ्यापुढे जाऊन रंगांची पेटी बनवली. कागदाचा रंग फिका पडतो, मळतो. म्हणून त्याने सरळ सूर्यप्रकाशच घेतला. पेटीतल्या लोलकाने उजेडाचे पट्टे पाडायचे, तीन फटींमधून तांबडा, हिरवा आणि निळा हवा तेवढा निवडायचा, आणि तिघांचे मिश्रण शेजारच्या पांढऱ्या उजेडाशी जुळवायचे. कोणत्या रंगाची फट किती रुंद ठेवली हे मोजले की झाले समीकरण. लंडनला किंग्ज कॉलेजात नोकरी लागल्यावर केन्सिंग्टनच्या घरी खिडकीशी त्याने जवळजवळ आठ फूट लांबीची, काळ्या रंगाची अशी पेटी मांडली होती. हा गृहस्थ तासन्‌तास शवपेटीत डोकावून काय बघतो, असे वाटून शेजारपाजारच्यांनी त्याला वेड्यात काढले. गंमत बघा, त्याने आपल्या तीन मूळ रंगांसाठी निवडलेल्या जागा आजच्या मापात साधारण ६३०, ५२८ आणि ४५७ नॅनोमीटर येतात. अल्ट्रा एचडी टीव्हीसाठी २०१२ मध्ये जे आंतरराष्ट्रीय मानक आले त्यातले मूळ रंग आहेत ६३०, ५३२ आणि ४६७!

आता मला सर्वात आवडलेला भाग. पेटीत डोकावणारे निरीक्षक दोन होते. निबंधात त्यांची नावे नाहीत, नुसती अक्षरे आहेत, जे आणि के. जे म्हणजे जेम्स आणि के म्हणजे कॅथरिन. नवरा-बायकोची वाचने बरीचशी जुळली, पण वर्णपटाच्या काही भागात जुळेनात. आपण काय केले असते? प्रोफेसर मी, पेटी माझी, तेव्हा बरोबर मीच, असे म्हणून बायकोचे आकडे खोडले असते. निदान मी प्रेसवर तरी तेच केले. मॅक्सवेलने दोघांचेही आकडे वेगवेगळे, जसेच्या तसे छापले. आणि फरक का पडला याचा शोध घेतला. डोळ्याच्या पडद्यावर मधोमध एक पिवळा ठिपका असतो आणि तो काही उजेड शोषतो. हा ठिपका प्रत्येकाचा सारखा गडद नसतो, फरक त्यामुळे आला असावा असे त्याने मांडले. म्हणजे दोन निरोगी, प्रामाणिक डोळ्यांनाही तोच रंग थोडा वेगळा दिसू शकतो. भांडण्याचे कारणच उरत नाही, मोजमाप करावे लागते. या कामासाठी रॉयल सोसायटीने त्याला १८६० चे रम्फर्ड पदक दिले.

१७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याचे व्याख्यान झाले. त्यासाठी थॉमस सटन या छायाचित्रकाराने चौकड्यांच्या रंगीत फितीच्या गाठीचे तांबड्या, हिरव्या आणि निळ्या द्रावणांतून वेगवेगळे फोटो घेतले होते. फोटो अर्थात काळेपांढरेच. त्यांच्या काचा तीन कंदिलांत घालून त्याच त्याच रंगाच्या उजेडाने एकमेकांवर पाडल्या आणि पडद्यावर फीत रंगीत दिसली! तीन रंगांतून फोटोचे रंग उभे करण्याचे ते पहिले प्रात्यक्षिक. आपल्या मोबाईलच्या कॅमेऱ्यापासून टीव्हीपर्यंत सगळे याच युक्तीवर चालते. पण मॅक्सवेलने टाळ्या घेऊन विषय संपवला नाही. तांबडे आणि हिरवे चित्र निळ्याइतके नीट उतरलेले नाही हे त्याने स्वतःच नोंदवले.

खरे तर तांबडे चित्र उतरायलाच नको होते. त्या वेळच्या काचांवरच्या रसायनाला तांबडा उजेड दिसतच नसे. मग उतरले कसे? हे कोडे शंभर वर्षे तसेच राहिले. १९६१ मध्ये कोडॅकच्या राल्फ इव्हान्स यांनी प्रयोग पुन्हा केला तेव्हा उलगडा झाला. तांबड्या द्रावणातून अतिनील किरणही जात होते आणि फितीचा तांबडा रंग ते किरण परावर्तित करत होता. म्हणजे काचेवर उमटले ते तांबडे नव्हतेच, डोळ्याला न दिसणारे काहीतरी होते, आणि ते नशिबाने तांबड्याच्या जागी उमटले! तत्त्व बरोबर, पण नोंदणारे उपकरण न तपासलेले. कॅलिब्रेशन का करायचे, याचे याहून चांगले उदाहरण मला सापडले नाही. ज्याने उपकरण तपासायला शिकवले त्यालाही न तपासलेल्या काचेने चकवले.

लंडनच्या त्या पाच वर्षांत त्याने विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचा सिद्धांत मांडला आणि प्रकाश हीसुद्धा विद्युतचुंबकीय लहर आहे हे दाखवले. आपली समीकरणे ती हीच. (आज आपण पाठ करतो ते चार ओळींचे रूप नंतर हेविसाइडने दिले, शिव्या निम्म्या त्यालाही द्याव्यात.) पण त्याच वर्षांत त्याने आणखी एक काम केले त्याकडे आपले लक्ष जात नाही. तारायंत्राचा व्याप वाढत होता आणि विजेच्या रोधाचे माप प्रत्येकाचे निराळे. ब्रिटिश असोसिएशनच्या समितीसाठी मॅक्सवेलने दोन सहकाऱ्यांबरोबर फिरत्या कॉइलचा प्रयोग करून ओहम या एककाचे प्रमाण ठरवायला हातभार लावला. रंग असो की रोध, माणसाचा स्वभाव एकच. तुझे माप आणि माझे माप यांवर वाद नको, दोघांनी तिसऱ्या, ठरलेल्या मापाशी ताडून बघू.

१८६५ मध्ये तो नोकरी सोडून ग्लेनलेअरला गेला. १८७१ मध्ये केंब्रिजने त्याला बोलावून घेतले. तिथली कॅव्हेंडिश प्रयोगशाळा त्याने उभी केली, ती १८७४ मध्ये सुरू झाली आणि तिथेही ओहमच्या मोजणीचे काम पुढे चालू राहिले. कॅथरिन या काळात वरचेवर आजारी असे. एका आजारात तर तो तीन आठवडे पलंगावर पाठ न टेकता तिच्या उशाशी बसून होता आणि दिवसा कामही करत होता. मग त्याचेच पोट दुखू लागले. आईला झालेला तोच आजार, आणि वयही जवळजवळ आईचेच. ५ नोव्हेंबर १८७९ रोजी केंब्रिजला तो गेला, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. ग्लेनलेअरजवळ पार्टन इथल्या चर्चच्या आवारात त्याला पुरले आहे.

त्याच्या जन्मानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९३१ मध्ये, केंब्रिजमध्येच जगभरच्या प्रकाशतज्ज्ञांची सीआयई ही संस्था भरली आणि तिने प्रमाण निरीक्षक ठरवला. राईट यांनी दहा जणांच्या आणि गिल्ड यांनी सात जणांच्या डोळ्यांवर रंग जुळवण्याचे प्रयोग केले होते. पद्धत मॅक्सवेलचीच. जे आणि के या दोघांच्या जागी सतरा जण आले आणि त्यांच्यावरून माणसाचा एक सरासरी डोळा आकड्यांत लिहिला गेला. आज कोणताही रंग तीन आकड्यांत सांगता येतो तो या डोळ्याच्या जोरावर. तो दगड निळा कशावरून, या प्रश्नाचे उत्तर शेवटी असे मिळाले.

आता माझ्या फेट्यांचे काय झाले ते सांगतो. एका स्टुडिओवाल्या दादांकडून कलरीमीटर मागून आणला. माऊससारखे छोटे यंत्र असते, ते स्क्रीनला टेकवायचे. सॉफ्टवेअर एकामागून एक ठरलेले रंग दाखवते, यंत्र प्रत्यक्ष काय उमटले ते प्रमाण निरीक्षकाच्या मापात मोजते. लॅबच्या मॉनिटरचा पांढरा निघाला ९३०० केल्विनच्या आसपास, म्हणजे चांगलाच निळा. फोटोच्या कामाला तो ६५०० असावा, गॅमा २.२ आणि उजेड चौरस मीटरला साधारण ८० ते १२० कँडेला. मॉनिटर निळा, म्हणून मला फेटे निळे दिसत होते, आणि जो दोष मॉनिटरचा होता तो मी फोटोत दुरुस्त केला. काकांच्या प्रेसने माझी चूक इमानेइतबारे छापली, बस्स.

दोन शब्द नीट समजून घ्या. यंत्राला ठरलेल्या स्थितीत आणणे म्हणजे कॅलिब्रेशन, आणि त्या स्थितीत ते कसे वागते याची मोजून केलेली नोंद म्हणजे प्रोफाईल. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या आयसीसी या संस्थेने प्रोफाईलची एकच भाषा ठरवून दिली, त्यामुळे आपले रंग प्रेसच्या यंत्राला कळतात. प्रिंटरसाठी शेकडो चौकटींचा तक्ता छापायचा, शाई वाळू द्यायची आणि मग स्पेक्ट्रोफोटोमीटरने चौकटी वाचायच्या. ही प्रोफाईल त्या शाईची आणि त्याच कागदाची. कागद बदलला की नवी. आणि एवढे करूनही झगझगीत भगवा चार शायांत पुरता उतरत नाही, कारण वजाबाकीला मर्यादा आहे. हे छापण्याआधीच सॉफ्ट प्रूफमध्ये बघून घ्यायचे, आणि प्रेसकडून एक छापील प्रूफ मागून ५००० केल्विनच्या उजेडाखाली तपासायचे. आणि हो, मोबाईल-लॅपटॉपचा नाईट मोड बंद करून मगच रंगाला हात लावायचा!

या वर्षी मी तसेच केले आहे. काकांची माफी मागितली, त्यांच्याकडून त्यांची प्रोफाईल घेतली आणि पहिले प्रूफ त्यांच्या शेजारी उभे राहून पाहिले. आणखी एकाची माफी राहिली होती. आम्ही सगळे आपापल्या डोळ्यांवर फाजील विश्वास ठेवून रेझिस्टर लावत होतो, तेव्हा अख्ख्या बॅचमध्ये एकच जण प्रत्येक रेझिस्टर मोजून मगच लावत होता. मॅक्सवेल आमच्या लॅबमध्ये आला असता तर तो सरळ माझ्या रूममेटच्या टेबलाशी जाऊन बसला असता. हा अंक छापून येईल तेव्हा पहिली प्रत त्यालाच देणार आहे. फेट्यांचा रंग त्याला कसा दिसतो ते विचारीन, आणि तो सांगेल ते जसेच्या तसे लिहून घेईन.